हरणाऱ्या संघाच्या बाजूने

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये कॅलटेक हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं विद्यापीठ आहे. त्याच्या पुरुष बास्केटबॉल संघाने जानेवारी १९८५ मध्ये आपल्या कॉन्फरन्समधला, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांच्या गटातला, एक सामना जिंकला. या गटातला पुढचा विजय मिळाला २२ फेब्रुवारी २०११ रोजी. मधल्या सव्वीस वर्षांत सलग ३१० पराभव झाले. कारणं गूढ नव्हती. पदवीचे विद्यार्थी हजाराच्या आसपास, प्रवेश गणित-विज्ञानाच्या जोरावर आणि डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या स्तराच्या, नियमांनुसार खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. अशा संघाच्या चाहत्याला आशावादी राहणं जमतं का, हा मानसशास्त्राचा प्रश्न झाला, आणि त्याचं उत्तर सोपं आहे: माणसाला काहीही जमतं. त्याला तसं राहण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न अवघड आहे.

अधिकार नाही, असं सगळ्यांत कठोरपणे सांगणारा माणूस म्हणजे इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड. १८७७ मधल्या त्याच्या निबंधात एक जहाजमालक येतो. जहाज जुनं झालंय हे त्याला कळतं, पण मनातली शंका तो दाबून टाकतो आणि उतारूंना घेऊन जहाज समुद्रात सोडतो. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरी मालक दोषीच ठरला असता, कारण तसा विश्वास बाळगण्याइतका पुरावा त्याच्याकडे नव्हता. हा निकष कॅलटेकच्या चाहत्याला लावून पाहावा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता शंभरात एक धरली, तरी सलग ३१० हरण्याची शक्यता शंभरात चार-पाचच भरते. म्हणजे खरी शक्यता बहुधा एक टक्क्याहूनही कमी होती. मात्र हाच हिशेब ती शून्य होती असं म्हणू देत नाही, आणि हिशेबाच्या या बाजूकडे निराशावाद्याचं सहसा लक्ष जात नाही. शिवाय कॉलेजचा संघ चार वर्षांत जवळजवळ पूर्ण बदलतो. १९८५ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा हरलेले आणि २०११ मध्ये मैदानात उतरलेले यांच्यात एकही खेळाडू समान नव्हता. ती मालिका संस्थेची होती, कुणा एका मुलाची नव्हती. प्रवेशाची पद्धत बदलत नव्हती, म्हणून भूतकाळाचा पुरावा भक्कम होता. पण तो पुरावा संस्थेविषयीचा होता. या वर्षीच्या पाच जणांविषयी तो फार थोडं सांगत होता.

क्लिफर्डला उत्तर म्हणून सहसा अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सला पुढे केलं जातं. काही ठिकाणी विश्वासच वस्तुस्थिती घडवायला मदत करतो, हे त्याचं म्हणणं. दरी ओलांडायची असलेला गिर्यारोहक स्वतःवर विश्वास ठेवतो म्हणूनच त्याची उडी साधते. पण उडी गिर्यारोहक मारतो. चाहता बाकावर बसलेला असतो. घरच्या मैदानाचा फायदा बास्केटबॉलमध्ये खरा असला, तरी उंच आणि सरावलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे टाळ्यांनी गुण वाढत नाहीत. त्यामुळे जेम्सचा आधार इथे तोकडा पडतो, आणि मला वाटतं त्याची गरजही नाही. क्लिफर्डचा आक्षेप विश्वासावर आहे, म्हणजे ‘आपण जिंकू’ या विधानावर. आशेला ते विधान लागतच नाही. गोष्ट अशक्य नाही आणि हवीशी आहे, एवढ्या दोनच अटींवर आशा उभी राहते. ६ जानेवारी २००७ रोजी कॅलटेकने बार्ड कॉलेजला ८१-५२ असं हरवलं आणि डिव्हिजन थ्रीच्या संघांविरुद्धची २०७ पराभवांची वेगळी मालिका तोडली. ‘आता दिवस पालटले’ असं त्या संध्याकाळी जाहीर करणारा पुढची चार वर्षं चुकीचा ठरत राहिला, कारण कॉन्फरन्समधले पराभव तसेच चालू होते. ज्याने भाकीत केलंच नव्हतं, त्याचं काहीही खोटं ठरलं नाही. तो नुसता पाहत राहिला. नवख्या मुलांचा बचाव सुधारतोय का, शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत सामना जिवंत राहतोय का, हे त्याला दिसत होतं. निकालापुरता डोकावणाऱ्याला यातलं काही दिसण्याची शक्यता नव्हती. आशा त्याला वस्तुस्थितीकडे टक लावून बघायला लावत होती. क्लिफर्डचा मालक नेमकं तेच टाळत होता.

गीता वाचलेला माणूस इथे वेगळी हरकत घेईल. कर्त्यालाही जिथे फळाची आसक्ती वर्ज्य, तिथे या चाहत्याच्या पदरी कर्म नाहीच, नुसती फलाशा आहे. आक्षेप बिनतोड वाटतो, पण चाहत्याचंही एक छोटं कर्म असतं: येणं, बसणं, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत न उठणं. जिंकण्याची चिन्हं दिसली तरच येणारा खरा सकाम. दरवेळी येणाऱ्यालाही विजय हवाच असतो, पण त्याची तो अट घालत नाही. भक्तिपरंपरेला हा भेद चांगला परिचयाचा आहे. विठ्ठलाशी भांडणारा, त्याला बोल लावणारा भक्त वारी चुकवत नाही. (तुलना इथेच थांबवावी. संघाला देव केलं की चाहता रेफरीच्या अंगावर धावून जातो.) योगायोगाने कॅलिफोर्नियातच जन्मलेल्या तत्त्वज्ञ जोसाया रॉइसने १९०८ मध्ये निष्ठेवर एक ग्रंथ लिहिला. हरलेली ध्येयं माणसाला निष्ठा शिकवतात, कारण तिथे यशाचं आमिष उरत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. हरण्यालाच कवटाळून बसलेली निष्ठाही असते. तिला पराभवाची इतकी सवय होते की संघ जिंकू लागला तर ती बावरेल. अशा माणसाला आशावादी म्हणता येत नाही.

खरा बोचरा आक्षेप वेगळाच आहे. निमूट आशा गलथान कारभाराला पाठीशी घालते, असं म्हणतात. जिथे खेळ हा मोठा धंदा आहे तिथे हे मान्य करावं लागतं. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सर्वोच्च स्तरावर, तिकिटं, टीव्हीचे करार आणि २०२१ पासून खेळाडूंना नाव-प्रतिमेपोटी मिळणारा पैसा आहे. तिथे चाहत्याची सहनशीलता म्हणजे व्यवस्थापनाला मिळालेली सूट. पण आशा आणि तक्रार एका माणसात नांदू शकतात. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या आवारात १९३९ मध्ये एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला, आणि त्यांच्याच संघाला त्या स्पर्धेत शिरायला २०१७ उजाडलं. तोवर प्रशिक्षक बदलले गेले, बोचरी टीका झाली. ती करणाऱ्यांत संघ सोडून गेलेले किती असतील? ज्याने आशा सोडली त्याला तक्रारीचं कारण उरत नाही. २०१७ मध्ये व्हँडरबिल्टला ६८-६६ हरवून नॉर्थवेस्टर्नचा संघ पुढच्या फेरीत गोन्झागाकडून हरला. त्या सामन्यात पंचांचा एक निर्णय चुकला होता हे नंतर एनसीएएनेच मान्य केलं. चाहते चिडले, आणि ते रास्तच होतं. पुन्हा स्पर्धेत जागा मिळाली ती २०२३ मध्ये.