म्यान कोणाला लागतं?

शिरढोणहून कर्नाळ्याकडे जाताना हमरस्त्याच्या कडेने एखादा ठाकर किंवा कातकरी गडी चाललेला दिसतो. कमरेला दोरी, दोरीत पाठीमागे अडकवलेली लाकडाची आकडी आणि आकडीत कोयता. पातं उघडंच. शेजारून गाड्या जातात, शाळेतली पोरं जातात, कोणी दचकत नाही.

मी हौसेने चामड्याची म्यानं शिवतो, रानात न्यायच्या सुऱ्यांसाठी. त्यामुळे ही आकडी मला नेहमी कोड्यात टाकते. ज्याचा सगळा दिवस धारदार लोखंडासोबत जातो त्याला म्यान नको, आणि ज्याची सुरी महिन्यातून एकदा, तीही कांदा-टोमॅटो चिरायला बाहेर निघते, त्याला मात्र मेणदोऱ्याने शिवलेलं जाड कातड्याचं म्यान हवं. हे कसं?

पहिलं उत्तर पावसाचं. कोकणात चार महिने चामडं धड वाळत नाही. बुरशी धरतं आणि आत कोंडलेल्या ओलीने पातं गंजतं. शिवाय हिरडा, बाभळीची साल अशा वनस्पतींनी कमावलेल्या कातड्यातलं टॅनिन लोखंडाला भिडलं की काळे डाग उमटतात. हिरडा आणि हिराकशीची काळी शाई होते ती याच गुणामुळे. म्हणून जाणकार सुरी म्यानात घालून रानात नेतो, पण घरी आल्यावर तेलाचा हात फिरवून वेगळी ठेवतो. लाकडाची आकडी उघडी असते, पाणी निथळून जातं, वारा लागतो.

पण हे उत्तर पुरत नाही, कारण ऐन वैशाखातही तो गडी आकडीच बांधतो. खरं कारण कामात आहे. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, टहाळ तोडायचा, काटेरी जाळी साफ करायची, सरपणाची मोळी बांधायची, म्हणजे कोयता सतत काढायचा आणि ठेवायचा. एक हात फांदीवर असतो. दुसरा मागे वळून न बघता मूठ शोधतो. बटण उघडा, पट्टी सोडा, असले सोपस्कार तिथे परवडत नाहीत. म्यान हा विसाव्याचा सरंजाम आहे. तलवारीचंच पाहा. आत लाकूड, वर चामडं किंवा मखमल, टोकाला धातूचं टोपण. एवढा थाट, कारण तलवारीचं बहुतेक आयुष्य म्यानातच जातं. माझ्या सुरीचंही तसंच आहे, फक्त मखमल नाही.

विसाव्याची वस्तू म्हणून म्यान कमी प्रतीचं ठरत नाही. ते नीट शिवणं हे डोकं लावण्याचं काम आहे. कातडं वनस्पतींनी कमावलेलंच लागतं. क्रोमने कमावलेलं मऊ असतं, पण दिलेला आकार धरत नाही. कागदावर बेत काढायचा, रापीने कापायचं, आणि धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये कातड्याचीच एक अरुंद पट्टी घालायची. ही पट्टी बाहेरून जेमतेम एक रेघ दिसते, पण ती नसेल तर सुरी आत-बाहेर होताना टाकेच कापत जाते. मग आरीने भोकं पाडून एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावायच्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढची ओळ उसवू लागते. इथे एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. शेवटी कातडं पाण्यात भिजवून, सुरीला प्लास्टिक गुंडाळून आत बसवायची आणि बोटांनी दाबत दाबत मुठीचा उंचवटा वर आणायचा. सावलीत वाळलं की ते त्या एका सुरीचं होतं, दुसरी त्यात नीट बसत नाही.

आरी आणि रापी माझ्या टेबलावर आल्या की त्या कामाला ‘लेदरक्राफ्ट’ म्हणतात. पनवेलच्या बाजारात छत्रीखाली बसलेल्या माणसाच्या पेटीतही हीच अवजारं असतात, पण त्याला कोणी छंद विचारत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण कातडं कमावणाऱ्या हातांना ज्या समाजाने वेशीबाहेर ठेवलं, त्याच समाजातल्या माझ्यासारख्यांना आता चामड्याचा वास ‘अस्सल’ वाटू लागला आहे. हा विनोद मला सहज पचत नाही.

शिरढोणला म्यानाचा विचार करताना इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणारे वासुदेव बळवंत फडके आठवणारच. ते इथलेच, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, असं चरित्रकार सांगतात. किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. पुढच्याच वर्षी, १८७९ च्या फेब्रुवारीत, फडक्यांनी धामारी गावावर पहिला दरोडा घातला. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केलेल्या, लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झालेल्या या माणसाचं उत्तर सरकारी मोजमापात बसणारं नव्हतं.

आजचा कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं, मात्र घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेलं वगळून. लांबी-रुंदीला पट्टी लागते, कामासाठी माणूस ओळखावा लागतो, आणि तिथेच आकडी उपयोगी पडते. ती कोयत्याला सगळ्यांना दिसेल अशी जागा देते. मी कामाला निघालोय, हे न बोलता सांगते. माझं म्यानही पट्ट्याला बाहेरून लटकतं ते थोडं त्यासाठीच.

२०२२-२३ पासून पुण्यात कोयते नाचवत दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्या पोरांचे कोयते शर्टाच्या आत नाहीतर सीटखाली दडवलेले. पातं तेच, ऊस तोडणाऱ्याच्या हातातलं. पुढे कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं तिथल्या दुकानदारांना सांगण्यात आलं. तो कोयता ठेवणार कुठे, हे विचारा असं मात्र कोणी सांगितल्याचं ऐकलं नाही.