परदेशी सेवा : दया, करुणा आणि मैत्री



आपल्या घरांतील मुले-मुली आता शिकली. नोकरीसाठी परदेशी जाणे हे आपल्या वस्तीला नवीन राहिले नाही. पण अलीकडे एक वेगळीच गोष्ट कानावर येते. विशेष शिक्षणाची पदविका घेतलेली किंवा समाजकार्य शिकलेली एखादी मुलगी घरी म्हणते, "मला वर्षभर नेपाळला जायचे आहे. तिथे अपंग मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून काम करीन." आई गप्प होते. वडील खर्चाचा विचार करतात. आणि आजोबा सरळ विचारतात, "पोरी, आपल्याच गल्लीत अशी लेकरं नाहीत का? ती सोडून परमुलखात कशाला?"

आजोबांचा प्रश्न खोटा नाही आणि मुलीची इच्छाही खोटी नाही. धम्म स्वीकारलेल्या माणसाने यांपैकी कोणाची बाजू घ्यावी? मला वाटते, देश जवळचा की दूरचा यावरून हे ठरत नाही. ते दोन गोष्टींवरून ठरते. पहिली, अपंग मुलाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? दुसरी, मदत करणारा परत गेल्यावर त्याच्या मागे काय राहते?

आधी नजरेचे पाहू.

घरात आंधळे, बहिरे किंवा बुद्धीने मंद मूल जन्मले की चार शेजारणी येतात आणि एकच वाक्य बोलतात, "मागल्या जन्मीचं पाप, दुसरं काय!" देव्हारा काढून तिथे बुद्धमूर्ती ठेवली, पण हे वाक्य घरातून गेले आहे का? ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आपल्या पूर्वजांना हेच सांगितले गेले होते. तुम्ही मागल्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी अस्पृश्य झालात, तेव्हा सोसा आणि गप्प बसा! ज्या न्यायाने आपल्याला गावाबाहेर ठेवले, त्याच न्यायाने आपण आपल्या लेकराला घराच्या मागच्या खोलीत ठेवणार काय?

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची कठोर तपासणी केली आहे. मुलाला शरीर आई-बापांकडून मिळते, गतजन्मीच्या हिशोबातून नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा सिद्धांत मान्य केला की दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून आपोआप उतरते, हे त्यांनी तेथे स्पष्ट दाखविले. संयुत्तनिकायातही मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणसाला होणारी सारी सुखदुःखे पूर्वकर्मामुळेच होतात, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय, असे त्याने विचारले. तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, आघात अशी अनेक कारणे मोजून दाखविली आणि सारे काही पूर्वकर्माच्या माथी मारणाऱ्यांचे मत चुकीचे ठरविले.

पुढच्या काळातील अट्ठकथांत मात्र वेगळा सूर आहे. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेच्या अट्ठकथेत चक्षुपाल स्थविराच्या अंधत्वाला गतजन्मीच्या पापाचे कारण जोडलेले आहे. हे लपविण्याचे कारण नाही. बौद्ध म्हणविणाऱ्या देशांतही ही समजूत जिवंत आहे. म्हणूनच आपली मुलगी परदेशी गेली तर तिची पहिली गाठ याच समजुतीशी पडेल. आणि तिच्या मनात तोच विचार लपून बसला असेल, तर ती त्या मुलांना काय देणार? फार तर दया देईल.

दया म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वरून टाकलेली भाकरी आपल्या आजा-पणज्यांनी झेलली आहे. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, तो हात कधी वर येऊ नये अशीच ती रचना होती. आपल्याला न विचारता 'हरिजन' हे गोड नाव दिले गेले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आज अपंगांना 'दिव्यांग' म्हणण्याची रीत आली आहे. हा शब्द सरकारने सुरू केला तेव्हा अपंगांच्या हक्कासाठी काम करणाऱ्या कित्येकांनी त्याला हरकत घेतली. आम्हाला दिव्यत्व नको, चढता येईल असा जिना आणि बसता येईल अशी शाळा द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. ही भाषा आपल्या ओळखीची नाही काय?

बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतील भेद सांगितला आहे. करुणा मोठी, पण तथागत तेथे थांबले नाहीत. त्यांनी सर्व प्राणिमात्रांविषयीची मैत्री शिकविली. मैत्रीला सरहद्द नसते, म्हणून परदेशी जाण्यात चूक काही नाही. मैत्रीत वर-खाली हात नसतात, म्हणून कसे जावे, हा प्रश्न मात्र उरतो.

आता दुसरी गोष्ट पाहू. माणूस परत गेल्यावर काय राहते?

याचे उत्तर आपल्या नाशिकच्या डोंगरातच कोरलेले आहे. त्रिरश्मी लेणी आपण सारे पाहतो, पण भिंतीवरची अक्षरे किती जण वाचतात? सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दत्तामित्री गावचा यवन होता. परमुलखातून येऊन देणारे लोक या भूमीला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहेत. पण त्याहून बोधप्रद लेख दहाव्या लेण्यापाशी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने तो कोरविला. ती शक अग्निवर्म्याची मुलगी, म्हणजे बाहेरून आलेल्या कुळातली. तिने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी धन दिले. पण कसे दिले? ते वाटून टाकले नाही. गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे, तेल गाळणाऱ्यांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल हलवायचे नाही, व्याजातून औषध चालू ठेवायचे. या ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. दाती उद्या असो नसो, रोग्याचे औषध थांबू नये आणि ते चालविणारे हात गावचेच असावेत, ही तिची दृष्टी होती.

आता आजच्या काही परदेशी सेवेकडे पाहा. नेपाळमध्ये डोंगराळ जिल्ह्यांतून 'शिक्षण मिळेल' असे आई-बापांना सांगून दलालांनी मुले काठमांडूच्या अनाथालयांत आणली. त्या अनाथालयांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफने उघड केले. मग ती अनाथ कशासाठी ठरविली? पैसे भरून दोन-चार आठवड्यांसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना प्रेम करायला अनाथ मुले हवी होती, म्हणून! पाहुण्याचे मन चांगले असेल, पण त्याच्या चांगल्या मनाचा बाजार झाला. आणि मुलाचे काय? ज्याला बोलता येत नाही त्याच्या खुणा समजायला शिक्षकाला महिनोन्‌महिने लागतात. खुणा समजू लागल्या की माणूस विमानात बसतो. दर महिन्याला नवा चेहरा, नवा लळा आणि नवी ताटातूट.

उलट दुसरे उदाहरण घ्या. डेव्हिड वर्नर हे अमेरिकन गृहस्थ १९६०च्या दशकात मेक्सिकोतील अहोया या डोंगरी खेड्यात गेले. ते स्वतः अपंग. ते तेथे टिकून राहिले. १९८१ साली तेथे 'प्रोखिमो' हे केंद्र उभे राहिले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते गावातील अपंग माणसेच चालवीत. कुबड्या, कॅलिपर, चाकाच्या खुर्च्या तीच बनवीत आणि मुलांचे व्यायामही तीच घेत. त्या अनुभवातून अपंग ग्रामीण मुलांवरचा त्यांचा ग्रंथ १९८७ साली निघाला आणि अनेक देशांतील कार्यकर्त्यांच्या हाती पोहोचला. विष्णुदत्तेची अक्षयनीवी आणि हे केंद्र यांत मला एकच तत्त्व दिसते. देणाऱ्याने स्वतःची गरज हळूहळू संपवीत न्यावी.

म्हणून जाणाऱ्या मुला-मुलींना माझे सांगणे आहे. जा, पण आधी काही प्रश्न स्वतःला विचारा. मला कोणते काम नीट येते? केवळ प्रेम पुरत नाही. बहिऱ्या मुलांची खुणांची भाषासुद्धा देशागणिक वेगळी असते, ती शिकावी लागते. मी किती काळ राहणार? मी मुलाला शिकविणार की मुलाच्या आईला आणि तेथील शिक्षिकेला, म्हणजे मी नसताना काम चालेल? तिथल्या अपंग माणसांचा त्या संस्थेच्या कारभारात शब्द चालतो का? आणि मुलाचा फोटो काढताना, माझ्या बहिणीचा असा फोटो मला चालला असता का? या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर आजोबांनीही आनंदाने निरोप द्यावा.

पण आजोबांचा प्रश्न शिल्लकच आहे आणि तो जाणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्यांना जास्त लागू आहे. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. अंधांसाठी काम करणाऱ्या 'नॅब'च्या महाराष्ट्र शाखेचे केंद्रही आपल्याच शहरात आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा आहे, कायदा आहे. तरीही वस्तीतले मूल घरात बसून असेल, तर त्याला तिथवर नेणारे माणूस कमी पडले. जिल्हा रुग्णालयातून दाखला काढायचा, रांगेत उभे राहायचे, शाळेत नाव घालायचे, दाखल करून घेत नाहीत म्हटले तर भांडायचे. यासाठी विमान लागत नाही, एक रोजंदारी बुडते. ती बुडालेली रोजंदारी वस्तीने वर्गणी काढून त्या आईला भरून दिली तर? आपली ती अक्षयनीवी होईल. विहारात दर पौर्णिमेला जमणाऱ्या वर्गणीतला एक वाटा यासाठी बाजूला काढता येणार नाही काय?

आणि आपले मूल 'काही कामाचे नाही' असे ज्या आई-बापांना वाटते, त्यांनी चुल्लपंथकाची कथा घरात सांगावी. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, जो स्वतः भिक्षू होता, त्याला विहारातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला परत बोलावले. त्याला पाठांतर न देता हाती एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळीत बसायला सांगितले. फडके मळत गेले आणि ते पाहता पाहता त्याला अनित्यता कळली. एक शिक्षक म्हणून मला ही कथा फार मोलाची वाटते. मूल नापास झाले नव्हते, त्याच्याजोगा धडा त्याला कोणी दिलेला नव्हता.

असा धडा शोधून देणारा माणूस लंडनहून नाशिकला येवो की नाशिकहून काठमांडूला जावो, तो मैत्रीचेच काम करतो. आपण दया चाखलेली माणसे आहोत. तिची चव कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ती दुसऱ्याच्या ताटात वाढू नका. या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा एवढेच करा. आपल्या वस्तीत शाळेत न जाणारे अपंग मूल कोणाच्या घरी आहे, याची चौकशी करा आणि त्याच्या आईला पुढच्या बैठकीला बोलवा. तिला काय हवे आहे, ते आधी तिलाच विचारा.

जयभीम!