रिव्हिएराच्या काठावर अरणगावची मंडळी

नगरहून दौंडकडे जाणारी रेल्वेगाडी अरणगावजवळ मेहेराबादच्या मधून जाते. रुळांच्या एका अंगाला जुनी वसाहत, दुसऱ्या अंगाला टेकडी आणि टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. ती उठून गेल्यावर, 1923 मध्ये, पुण्यात जन्मलेले मेरवान शेहरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, मोजक्या सोबत्यांना घेऊन या माळावर आले. 10 जुलै 1925 ला त्यांनी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत ते पाळले.

हाच मौनी पुरुष 1930 च्या दशकात पुन्हा पुन्हा भूमध्य समुद्राच्या काठी गेला, तोही शिष्यमित्रांचा गोतावळा घेऊन. मार्सेय, पोर्तोफिनो, कान. निवृत्तीनंतर मित्रमैत्रिणींसोबत क्रूझ सहलीचा बेत करणाऱ्या नगरकरांना ही नावे आज सहलीच्या माहितीपत्रकातून ओळखीची झाली आहेत. वैराग्य शिकवणाऱ्याने शिष्यांना रिव्हिएराच्या समुद्रकिनारी का न्यावे?

धर्मशास्त्राचा एक जुना धागा तर समुद्रप्रवासच नाकारतो. बौधायन धर्मसूत्रात पातित्य आणणाऱ्या कृत्यांच्या यादीत समुद्रगमन अगदी पहिले येते. गंमत अशी की, उत्तरेकडच्या लोकांमध्ये समुद्रप्रवासाचा प्रघात आहे, हेही तेच सूत्र नोंदवते. पण मेहेरबाबा इराणी घरातले, त्यांना हा निषेध लागू नव्हता. त्यांच्यापुढचा प्रश्न गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला होता. राग आणि द्वेष सुटलेला माणूस विषयांमध्ये वावरला तरी त्याचे चित्त प्रसन्न राहते, असे तिथे म्हटले आहे. याच जिल्ह्यातल्या नेवाशात, शके 1212 मध्ये, ज्ञानेश्वरांनी त्या गीतेवर मराठीत टीका लिहिली. तेव्हा विषयांपासून पळायचे की त्यांच्यामधून मोकळे राहून जायचे, ही चर्चा नगरच्या मातीला नवी नाही.

1931 चा प्रवास ‘राजपुताना’ बोटीवरून झाला. दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी त्याच बोटीवर होते. बोटीवर दोघांच्या भेटी झाल्या. मेहेरबाबा मुळाक्षरांच्या पाटीवर बोटे फिरवून बोलत आणि सोबतचा माणूस ते मोठ्याने वाचून दाखवी. 11 सप्टेंबरला बोट मार्सेयला लागली. एकजण देशाच्या स्वातंत्र्याची बोलणी करायला निघालेला, दुसरा मनाच्या मुक्तीची गोष्ट घेऊन.

टीकाकारही होते आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. लेखक पॉल ब्रंटन 1930 मध्ये मेहेराबादला येऊन गेला आणि 1934 च्या आपल्या पुस्तकात त्याने मेहेरबाबांविषयी उघड अविश्वास नोंदवला. जुलै 1932 मध्ये हॉलिवूडमध्ये मौन सोडण्याचे जाहीर झाले होते. ते सोडले गेले नाही. ज्याच्या शब्दावर माणसे घरदार सोडून येतात, त्याचा जाहीर शब्द असा फिरला तर शंका येणारच. तरी युरोपातल्या त्या मुक्कामांकडे नीट पाहिले की सहलीचे चित्र पालटते.

1932 च्या ऑगस्टमध्ये मेहेरबाबा इटलीत असिसीला गेले आणि तिथल्या एका गुहेत एकांतात बसले. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा असलेल्या संत फ्रान्सिसने ज्या डोंगराळ भागात सगळे टाकून दिले, तोच हा परिसर. पुढच्या वर्षी पोर्तोफिनोला मुक्काम झाला. 1937 मध्ये कानला शिष्या मेहेरा आणि बाबांची बहीण मणी यांच्यासारख्या, एरवी मेहेराबादच्या कडक एकांतात राहणाऱ्या स्त्रियाही आल्या. समुद्र, गाणी, हास्यविनोद सगळे होते. पण कधी निघायचे, कुठे जायचे, कुणी कुणाशी बोलायचे हे बाबा ठरवत. आनंदाला मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो स्वतःच्या मर्जीला. वैराग्याची ही मांडणी विचार करायला लावते, कारण त्यात सुख सोडायला सांगितलेले नाही, सुखावरचा हक्क सोडायला सांगितला आहे.

कानच्या या मंडळींत मोहम्मद नावाचा एक मस्तही होता. ईश्वराच्या धुंदीत भान हरपलेला, रत्नागिरीकडचा माणूस. राहुरीला 1936 मध्ये वेड्यांसाठी उघडलेल्या आश्रमातून तो बाबांकडे आला होता. अशा माणसांना आपल्या हाताने आंघोळ घालणे, भरवणे हे मेहेरबाबांचे नेहमीचे काम. ज्याला किनाऱ्याच्या शोभेचे सोयरसुतक नाही, अशा माणसाला कोणी हवापालटासाठी फ्रान्सला नेत नाही. काम तेच राहिले, मुक्काम तेवढा बदलला.

तरीही आपली मर्जी एका माणसाच्या हवाली करणे ही फार मोठी जोखीम आहे. गुरू चुकला तर शिष्याने कुठे जावे? याचे वेगळे उत्तर नगर जिल्ह्यातूनच दरवर्षी चालत जाते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरमार्गे पंढरपूरला जाते. तिच्या दिंड्यांतही वारकरी आपली मर्जी बाजूला ठेवतो, पण ती व्यक्तीकडे सोपवत नाही, सोबतीकडे सोपवतो. चालण्याचा क्रम, विसाव्याची जागा, अभंगांची पाळी ठरलेली असते. दमलेल्याला शक्यतो सोडून पुढे जायचे नाही, अशी भावना असते.

समजा, क्रूझवर निघालेल्या सहा मित्रांच्या गटापुढे आपली मर्जी बाजूला ठेवण्याचा हा प्रश्न रोमसाठीच्या चिवितावेक्किया बंदरात उभा राहतो. तिथून रोम सत्तरेक किलोमीटर आणि जहाज संध्याकाळी निघणार. एकाचा गुडघा रात्रीपासून दुखतो आहे. पैसे सगळ्यांनी भरलेत, रोम पुन्हा पाहायला मिळेल याची खात्री नाही, आणि थांबायला सांगणारा ना गुरू आहे ना दिंडीचा वीणेकरी. कोण थांबणार, हे न्याहारीच्या टेबलावर त्यांचे त्यांनाच ठरवायचे आहे.