हे कोणाच्या कर्माचं फळ?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जिना चढताना धाप लागते, खेळताना भोवळ येते आणि तपासणीत दिसतं की त्याच्या हृदयाच्या भिंती कमालीच्या जाड झाल्या आहेत. फार थोड्या घरांत या लक्षणांमागे डॅनन हा आजार निघतो. त्याचं पहिलं वर्णन १९८१ सालचं, तर मूळ कारण उमगलं २००० साली. पेशी स्वतःतला निरुपयोगी ऐवज मोडून टाकत असते. त्या कामाला लागणारं लॅम्प-२ हे प्रथिन या मुलांत तयार होत नाही, म्हणून ऐवज साचतो आणि हृदयाचा स्नायू निकामी होत जातो. प्रत्यारोपण न झाल्यास बहुतेक मुलगे विशीच्या आसपास दगावतात. या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलाला ते आईकडूनच मिळतं. एवढं कळलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे कुठल्या जन्मीचं पाप?

माझ्या मते हा प्रश्न धर्माच्या कसोटीवरही टिकत नाही. ज्याचं कर्म त्यालाच फळ, हा तर कर्मसिद्धांताचा कणा. मग आईचं पाप मुलाच्या हृदयात उतरलं, असं म्हणणारा माणूस त्याच सिद्धांताला सोडचिठ्ठी देतो. कोणी म्हणेल, पाप मुलाचंच, जनुक हे केवळ निमित्त. हा युक्तिवाद खोडता येत नाही हे खरं, पण तो कशानेच खोडता येत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही. आपली परंपराही इतकी सरधोपट नव्हती. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाशी बोलताना बुद्ध वेदनेची आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशांच्या यादीत कर्म हे त्यांतलं फक्त एक. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषप्रयत्न या दोहोंवर अवलंबून मानलं आहे. सगळं आधीच ठरलेलं असेल तर औषधाला अर्थ काय, हा तिथला प्रतिप्रश्न आजही तितकाच बिनतोड आहे.

राहतो आक्षेप सांत्वनाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. निष्कारण दुःख सोसण्यापेक्षा सकारण भोग सोसणं सोपं, असं अनेकांना मनापासून वाटतं. त्या आधाराची मी हेटाळणी करणार नाही. पण इथे त्या आधाराची किंमत आई मोजते. डॅननमध्ये आई बहुधा स्वतःही रुग्ण असते. बायकांत आजार उशिरा दिसतो, इतकंच. त्यांच्याही हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय थकतं. जिला घराने दोषी ठरवलं, ती स्वतःच्या धापेबद्दल बोलणार कुणाजवळ? शिवाय काही मुलांत जनुकातला हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आईकडून आलेलाच नसतो.

म्हणून ज्या घरात असं निदान होईल, त्यांना एवढीच विनंती: मागल्या जन्माची चौकशी थांबवा आणि त्याच आठवड्यात मुलाच्या आईचा, बहिणींचा, भावांचा ईसीजी आणि इको करून घ्या.