धर्माची गाय आणि दात

'धर्माची गाय आणि दात का गे नाय' ही म्हण ज्याने केली, त्याला कुणी गाय दान दिलेली नसावी. त्यानेच कुणाला तरी दिलेली असावी. देणाऱ्याच्या पोटातली जळजळ त्या म्हणीत स्वच्छ ऐकू येते. फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, हा तिचा उपदेश आम्हा मध्यमवर्गीयांना लहानपणापासून पाठ आहे, आणि तो म्हणत म्हणतच आम्ही दात मोजत आलो आहोत. सत्यनारायणाच्या प्रसादात बेदाणे किती, हळदीकुंकवाच्या वाणातल्या डबीचं झाकण बसतं का, शेजाऱ्याने आग्रहाने दिलेल्या देवगड हापूसपैकी खरोखर देवगडचे किती, हा सगळा हिशेब घरी पोचायच्या आत झालेला असतो.

इथवर प्रकरण घरगुती होतं. त्याचा नैतिक प्रश्न केला तो संगणकाने. हल्ली जगातली सर्वांत मोठी धर्माची गाय म्हणजे हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेले प्रोग्रॅम. २५ ऑगस्ट १९९१ या दिवशी फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत, पण हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. तो छंद म्हणजे लिनक्स. आज प्रत्येक ॲन्ड्रॉइड फोनच्या पोटात तो आहे, आणि २०१७ सालापासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर त्याच्याशिवाय दुसरं काही चालत नाही. 'फार मोठं काही होणार नाही' हे वाक्य आमच्या दहिसरला फक्त पावसाळ्याच्या तोंडावर, नदीबद्दल ऐकायला मिळतं. तिथेही परिणाम असाच होतो.

मराठी भाषेवर तर या गाईंचे उपकार अंमळ जास्तच. मराठीत टाइप करणारं गिऱ्हाईक फारसं पैसे मोजणारं नव्हे, हे मोठ्या कंपन्यांनी वेळीच ओळखलं होतं. तेव्हा कामाला लागली ती हौशी मंडळी. हॉलंडमधल्या फ्रान्स वेल्थुइस नावाच्या गृहस्थांनी १९९१ साली 'टेक' या छपाईच्या प्रोग्रॅमला देवनागरी शिकवली. २००० सालच्या सुमारास मुंबईत 'इंडलिनक्स'ची माणसं लिनक्सला भारतीय भाषा बोलायला लावायला बसली. १ मे २००३ ला, म्हणजे मुहूर्त पाहून महाराष्ट्रदिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला. ओंकार जोशींच्या 'गमभन'ने कितीतरी लोकांना संगणकावर पहिल्यांदा 'अ' काढून दिला. यांतलं काही वापरताना आपण कुठल्या खिडकीवर पैसे भरल्याचं स्मरत नाही.

पण दात मोजायचे राहिले नाहीत. आणि खरं सांगायचं तर मोजायलाच हवे होते. मराठीतला अर्धा 'र' दोन तऱ्हांनी लिहितात, हे बाहेरच्याला काय ठाऊक? पूर्वी कित्येक ठिकाणी त्यातला दुसरा 'र' उमटतच नसे. परिणाम असा, की 'आचाऱ्यास दक्षिणा द्यावी' असं लिहायला जावं आणि 'आचार्यास दक्षिणा द्यावी' असं छापून यावं. स्वयंपाक एकाने करायचा आणि पाकीट दुसऱ्याने न्यायचं! 'ॲ' या अक्षराला तर जगाच्या अक्षरकोशात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर ॲडव्होकेट आणि ॲल्युमिनियम दोघेही मिळेल तिथे उभ्याने प्रवास करत होते. ही उणीव कुणीतरी भिडस्तपणा सोडून दाखवली, म्हणून भरली गेली. सगळ्यांनी म्हणीचा मान राखला असता, तर मराठीचे आचारी अजून दक्षिणेवाचून बसले असते.

म्हणजे फुकट गाईचे दात मोजणं हा गुन्हा नव्हे. मग त्या म्हणीतली जळजळ कशाची?

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. दिवसा नोकरी करतो आणि रात्री चारपाच मित्रांबरोबर मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम लिहितो. हे मित्र एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. एक नाशिकला, एक सांगलीला, एक सिंगापूरला. पगार शून्य, भांडणं भरपूर. थोडक्यात हौशी नाट्यसंस्था. एका रविवारी त्याने मला त्यांचं पुढच्या वर्षाचं नियोजन दाखवलं. एकशे चौदा कलमं होती. त्यांपैकी 'बोधचिन्हाचा रंग' या कलमावर एकसष्ट जणांनी मत दिलं होतं. 'सामान्यरूपं चुकतात, नियम नव्याने लिहावे लागतील' या कलमाखाली सन्नाटा.

मला आश्चर्य वाटलं नाही. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ सालीच हे सांगून ठेवलं आहे: समिती अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण अणुभट्टी कुणाला कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. १९९९ साली एका डॅनिश प्रोग्रॅमरने याच शेडची आठवण आपल्या हौशी सहकाऱ्यांना करून दिली, आणि तेव्हापासून त्या जगात निरर्थक वादाला 'सायकलशेड' असंच म्हणतात. आमच्या सोसायटीत सायकलशेड नाही, पण गेटचा रंग आहे. पुनर्विकासाचा ठराव दहा मिनिटांत संमत करणारी सभा हिरवा की चॉकलेटी यावर दिवेलागणीपर्यंत चालली होती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तो मुलगा म्हणाला, "काका, बंद करून टाकू का हो सगळं? लोक फार बोलतात." त्याने मला काही पत्रं दाखवली. 'दोन महिने झाले, सुधारणा नाही.' 'जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला द्या.' 'अशा दर्जामुळेच मराठी मागे आहे.' मराठी मागे राहण्याची जबाबदारी एका सव्वीस वर्षांच्या मुलावर, तीही रात्री अकरानंतरची! आणि लिहिणाऱ्यांपैकी एकानेही नेमका कोणता शब्द चुकला, ते कळवलं नव्हतं.

बँकेतल्या माणसाला लोक व्याजाचा दर विचारतात. धर्म विचारायला कुणी येत नाही. त्यामुळे मी त्या प्रश्नाने जरा गांगरलो. त्याने बंद केलं तर त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. या प्रोग्रॅमबरोबर एक दानपत्र असतं, त्याला लायसन्स म्हणतात. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की गाय जशी आहे तशी दिली आहे. दुधाची हमी नाही, शिंग लागल्यास जबाबदारी नाही. कायद्याने मुलगा मोकळाच होता. पण कायद्याने मोकळा असलेला माणूस रात्री झोपतोच असं नाही. नाहीतर त्याने मला विचारलं कशाला असतं?

'दुसऱ्या कुणाला द्या' हे वाक्य किती महागात पडतं, याचा एक दाखला आहे. एक्सझेड नावाचा मजकूर आवळून ठेवणारा एक प्रोग्रॅम जगभरच्या संगणकांत असतो. लासे कोलिन नावाचे एक गृहस्थ तो वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होते. २०२२ साली काही जणांनी त्यांच्यामागे लकडा लावला: काम सावकाश चाललंय, जमत नसेल तर सोपवा. आपली प्रकृती ठीक नाही आणि हा बिनपगारी छंद आहे, असं त्यांनी लिहून पाहिलं. तेवढ्यात जिया तान नावाचा एक भला मदतनीस भेटला. त्याने दोनेक वर्षं निमूट काम केलं, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या, आणि २०२४ साली त्यात एक चोरदरवाजा बसवून दिला. तो जगभर पसरायच्या बेतात असताना आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला संशय आला. कारण काय, तर त्याच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आमची लोकल दहा मिनिटं उशिरा आली तरी आम्ही 'आज वेळेवर आहे हं' म्हणतो. २९ मार्च २०२४ ला त्याने बोंब ठोकली आणि जग वाचलं. जिया तान कोण, हे अजून कळलेलं नाही. लकडा लावणाऱ्यांतली काही नावंही त्याच टोळीतली असावीत, असा संशय आहे.

मला यातला चोर फारसा नवा वाटला नाही. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, हा नियम अशांसाठीच आहे. मला बोचलं ते वेगळंच. चोराने गोंगाट केला तो हुबेहूब आपल्या आवाजात. 'किती उशीर', 'जमत नाही तर सोडा', हे तिथे रोजच कुणी ना कुणी म्हणत होतं, म्हणून कुणाला वेगळं काही ऐकू आलं नाही. फुकट्यांचा उतावळेपणा हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही, तो असा. एका दमलेल्या माणसाला आणखी दमवलं, की त्याच्या हातून किल्ली गळते, आणि ती कुणाच्या हातात पडेल ते आपल्या हातात नसतं.

'मग चार माणसं वाढवा की!' असं पुष्कळ जण सुचवतात. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ सालीच लिहून ठेवलं, की रखडलेल्या प्रोग्रॅमवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. नऊ बायका मिळून एका महिन्यात बाळंत होत नाहीत. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो, आणि हौशी माणसाकडे तो रात्री अकरा ते एक एवढाच असतो.

म्हणून दुसऱ्या बाजूने सगळं माफ, असं मात्र मला म्हणवत नाही. गाईपेक्षा पाणपोईचा दाखला बरा. उन्हाळ्यात स्टेशनबाहेर कुणीतरी माठ मांडतो. तो त्याने मांडलाच पाहिजे असं नाही. पाण्यात वाळा घाला, बर्फ घाला, असा हट्ट वाटसरूने धरायचा नाही. पण माठ उघडा आहे तोवर पाणी स्वच्छ हवं. 'फुकट आहे, अळ्यांसकट प्या' असं म्हणायची सोय नाही. बंद करायची असेल तर खुशाल करावी, पण पाटी लावावी, म्हणजे तहानलेला माणूस कोरड्या माठाशी ताटकळणार नाही. वाटसरूकडेही दोन गोष्टी लागू आहेत. गळतं भांडं दिसलं तर ते कुठे गळतं, हे नीट दाखवावं. आणि ज्याला आपल्या हॉटेलासाठी टँकर भरून न्यायचा आहे, त्याने माठवाल्याला काही द्यावं. मोठमोठ्या कंपन्या या पाणपोयांवर टँकर लावतात, आणि वर पेल्याला पोचा आहे म्हणून तक्रारही करतात.

हे मी त्या मुलाला सांगितलं. त्याने बंद केलं नाही, पाटी लावली. 'हे काम शनिवारी रात्री होतं. चूक कळवताना शब्द, त्याचं वाक्य आणि काय दिसायला हवं होतं ते लिहावं. रंगाबद्दल लिहू नये.' पत्रं एकदम कमी झाली. जी आली, त्यांत सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं होतं. त्यांनी चुकणारी दोनशे सामान्यरूपं वहीत आखून, फोटो काढून पाठवली होती. गाईचे दात मोजावे तर असे!

सुधारणा थांबवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर डोनाल्ड नूथ यांनी देऊन ठेवलं आहे. 'टेक' त्यांनी १९७८ साली केला, आणि १९९० साली जाहीर केलं की आता नवी सोय घालणार नाही, फक्त चुका दुरुस्त करीन. दर दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात 'पाय' या संख्येचा एकेक अंक वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्यानंतर आकडा कायमचा 'पाय' करावा, आणि मग उरलेल्या चुकांना चुका म्हणू नये, अशी त्यांची इच्छा आहे. इच्छापत्रात घरदार सगळेच लिहितात. चुका वारशाने देण्याचा प्रामाणिकपणा विरळा.

हेच नूथ चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवत. लोक तो वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. चेकवरचे खाते क्रमांक पाहून कुणी फसवाफसवी सुरू केली, तेव्हा २००८ साली त्यांनी खरे चेक बंद केले आणि 'सॅन सेरिफ' नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या बँकेची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. त्यांचीही लोक चौकटच करतात. इतकी वर्षं बँकेत काढून मी एवढंच सांगू शकतो, की आपल्याकडे २०१२ पासून चेक तीन महिन्यांत शिळा होतो. न वटवलेला, आणि वर्षानुवर्षं भिंतीवर ताजा राहणारा चेक कोणत्या सदराखाली दाखवायचा, याचं खातं आमच्या शाखेत अजून उघडलेलं नाही.