पुनरुज्जीवनाचे ऋण : विनोदी हेरकथा आणि नवी पिढी

एखादे लोकप्रिय पात्र एक-दोन पिढ्यांच्या अंतराने पुन्हा उभे केले जाते, तेव्हा त्याविषयीची चर्चा बहुधा मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेपाशी येऊन थांबते. पात्र 'तसेच' राहिले की 'बिघडले', एवढाच निवाडा अपेक्षित असतो. निष्ठेची ही कसोटी वरवर सौंदर्यशास्त्रीय वाटते. तिच्या तळाशी मात्र एक नैतिक प्रश्न आहे. पुनरुज्जीवन करणारा नेमका कोणाचा ऋणी असतो? मूळ निर्मात्याचा, मूळ प्रेक्षकाचा, की ज्याने मूळ कधी पाहिलेलेच नाही त्या नव्या पिढीचा? विनोदी हेरकथेच्या संदर्भात हा प्रश्न विशेष टोकदार होतो, म्हणून तो तेथेच तपासणे उचित ठरेल.

विनोदी हेरकथा स्वभावतः परोपजीवी असते. गंभीर हेरकथेचे संकेत आणि त्यांमागील सत्तेचा आत्मविश्वास हे तिचे अन्न होय. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री यांनी निर्माण केलेली 'गेट स्मार्ट' ही अमेरिकन मालिका 1965 ते 1970 या काळात प्रसारित झाली. तीत डॉन अ‍ॅडम्सने रंगविलेला मॅक्सवेल स्मार्ट बुटातल्या दूरध्वनीवरून बोलतो, आणि प्रेक्षक हसतो. पण हसण्याचे लक्ष्य बूट नसते. शीतयुद्धातील गुप्तचर यंत्रणांचा सर्वज्ञतेचा आव हे ते लक्ष्य असते. 2008 साली याच मालिकेवरून चित्रपट निघाला. त्यात जुनी साधने संग्रहालयात मांडलेली दिसतात. ही मांडणी, कदाचित अभावितपणे, पुनरुज्जीवनाची मूळ अडचण सांगून जाते. लक्ष्य नाहीसे झाले की चिन्ह उरते, आणि केवळ उरलेले चिन्ह स्मरणवस्तू बनते. तिच्याकडे पाहून ओळखीचे हसू येते. उपहासाचे येत नाही.

आपल्याकडे 'करमचंद'ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1985 साली दूरदर्शनवर आलेल्या पंकज पराशर दिग्दर्शित मालिकेत पंकज कपूर यांचा गाजर चघळणारा गुप्तहेर आणि सुष्मिता मुखर्जी यांची किटी ही जोडी घराघरांत पोचली. 2006-07 मध्ये ही मालिका दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा अवतरली; पंकज कपूर तेच होते, किटी सुचेता खन्ना यांनी साकारली. येथे प्रश्न गाजराचा नाही, किटीचा आहे. मूळ मालिकेतील हशाचा मोठा वाटा साहाय्यक स्त्रीला पुनःपुन्हा गप्प करण्यातून येत होता. असा विनोद नव्या पिढीपुढे मांडताना दोनच सोपे मार्ग दिसतात : तो जसाच्या तसा ठेवणे किंवा गाळून टाकणे. पहिल्यात जुन्या अवहेलनेला वारशाची प्रतिष्ठा मिळते. दुसऱ्यात आपण कशाला हसत होतो हे लपविले जाते. तिसरा मार्ग अवघड आहे : गप्प करणाऱ्यालाच हास्याचे लक्ष्य करणे. तेथे रूपबंध ओळखीचा राहतो, त्याचा रोख तेवढा बदलतो.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण अर्थातच फास्टर फेणेचे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे रूढ अर्थाने हेर नव्हे, आणि त्याच्या कथांना निव्वळ विनोदी म्हणणेही बरोबर नाही. तरीही मोठ्यांच्या हेरकथेचा खेळकर प्रतिध्वनी त्यांत सतत ऐकू येतो. फुरसुंगीचा एक किडकिडीत शाळकरी मुलगा सायकलवरून धावतो, 'टॉक्' करतो, आणि मोठ्यांना न दिसलेले त्याला दिसते. या कथांचे नैतिक केंद्र येथेच आहे. प्रौढांच्या जगाची गृहीते एका मुलाच्या कुतूहलापुढे तोकडी पडतात, आणि खरे ठरण्याचा अधिकार मुलाला मिळतो. 1980च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो साकारला तेव्हाही पात्र मुलाच्या वयाचेच राहिले होते.

2017च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात मात्र बनेश (अमेय वाघ) वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण आहे. प्रवेशव्यवस्थेतील गैरव्यवहार हे नवे लक्ष्य चित्रपटाने शोधले, ही त्याची जमेची बाजू होय. केवळ 'टॉक्'वर तो विसंबलेला नाही. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले भा. रा. भागवत हे पात्र त्यात आणून निर्मात्याचे ऋणही त्याने मान्य केले आहे. पण पात्राचे वय का वाढले? कारण त्याचे जुने वाचक वयाने वाढले होते. नव्या पिढीसाठी म्हणून केलेले पुनरुज्जीवन येथे मागच्या पिढीच्या स्मरणाशी इमान राखते. ज्या बारा वर्षांच्या मुलाने फेणेला प्रथमच भेटावयाचे, त्याला स्वतःच्या उंचीचा नायक मिळत नाही.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. आपली परंपराच पुनर्कथनाची आहे. कीर्तनकार आख्यान हवे तसे वळवितो, आणि स्वतः भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणताना मराठी मुलांची सोय पाहिलीच होती. मग फेणेच्या वयाबाबतच हा सोवळेपणा कशासाठी?

आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करूनही दोन भेद नोंदविले पाहिजेत. कीर्तनाच्या श्रोत्याला मूळ कथा ठाऊक असते. बदल त्याला बदल म्हणून कळतो, आणि त्याचा आस्वादही तो तसाच घेतो. नव्या पिढीसाठीच्या पुनरुज्जीवनात नेमकी हीच अट गैरहजर असते. रोह्यालगतच्या वरसेसारख्या गावातील ज्या विद्यार्थ्याच्या हाती भागवतांचे पुस्तक आलेले नाही, त्याच्या दृष्टीने चित्रपटातला फेणे हाच पहिला आणि म्हणून मूळ फेणे होय. पुनरुज्जीवन करणारा अशा वेळी वारस असतो, तसाच साक्षीदारही असतो. वारसाला मालमत्ता वापरण्याची मुभा असते. साक्षीदाराला ती मुभा नाही. दुसरा भेद असा की, भागवतांनी व्हर्न आणला तो मुलांकडे. त्यांच्या रूपांतराची दिशा नव्या वाचकाकडे होती, जुन्या वाचकाच्या हळहळीकडे नव्हती.

यावरून निष्ठेची कसोटी थोडी वेगळ्या रीतीने मांडता येईल. बूट, गाजर, 'टॉक्' ही चिन्हे जपणे ही निष्ठा नव्हे, आणि ती टाकणे हा द्रोहही नव्हे. कोणाला हसायचे आणि कोणाला खरे ठरू द्यायचे, याविषयी मूळ कृतीने घेतलेली भूमिका ही जपण्याची वस्तू आहे. आणि ती भूमिकाच सदोष असेल तर, किटीच्या बाबतीत घडते तसे, तिच्याशी उघड वाद घालणे हीच निष्ठा ठरते. फुरसुंगीचेच पाहा. भागवतांच्या वाचकांना ठाऊक असलेल्या या पुण्याजवळच्या गावाचे नाव पुढे कचरा डेपोच्या वादामुळे वर्तमानपत्रांत येत राहिले. आजचा बनेश बारा वर्षांचाच ठेवून त्याला या फुरसुंगीत सायकलवरून सोडले, तर मोठ्यांना न दिसणारे, किंवा दिसूनही न बोलता येणारे, त्याला पुष्कळ दिसेल. त्यासाठी पात्राचे वय वाढविण्याची गरज पडणार नाही. प्रौढांना मात्र आपल्या बालपणाची ओळख पटविण्याचा हट्ट सोडून, एका मुलापुढे चुकीचे ठरण्याची तयारी ठेवावी लागेल.