छप्पर उचकटणारे चौघे

‘चमत्कार तेथे नमस्कार’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडी थट्टाच असते. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जिथे खून झाला, त्या महाराष्ट्रात हा शब्द जपून वापरावा, ख्रिस्ती माणसानेही. प्रार्थनासभेत कुणी साक्ष देतो: माझी एसटी चुकली, तीच पुढे घाटात उलटली, प्रभूने मला वाचवलं. सांगणाऱ्याची कृतज्ञता खरी असते. पण त्या गाडीत बसलेल्यांचं काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ज्यात आपण एकटेच वाचलो, त्याला योगायोग म्हणावं आणि गप्प बसावं, असं माझं मत आहे.

शुभवर्तमानातले चमत्कार वेगळ्या घडणीचे आहेत. त्यातलं अंगमेहनतीचं काम येशू पुष्कळदा दुसऱ्यांना सांगतो. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण काठोकाठ भरतात ते नोकर. लाजरच्या कबरीवरची धोंड सारायची ती जमलेल्या लोकांनी, त्याच्या अंगाभोवतीच्या पट्ट्या सोडायच्या त्याही त्यांनीच. पाच हजारांच्या पंगतीआधी शिष्य म्हणतात, लोकांना गावोगाव पाठवून द्या. तर तो म्हणतो, तुम्हीच द्या त्यांना खायला. आणि कफर्णहूमचा पक्षघाती! चौघे त्याला बाजेवर घालून आणतात, दारात ही गर्दी, मग ते छपरावर चढतात, छप्पर उचकटतात आणि बाज खाली सोडतात. मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. आजाऱ्याला त्याच्या श्रद्धेविषयी कुणी एक प्रश्न विचारत नाही. (घरमालकाचं म्हणणं काय होतं आणि छप्पर पुन्हा कुणी शाकारलं, हे मात्र मार्क सांगत नाही.)

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचं जामखेडचं काम मला याच गोष्टीचा पुढचा भाग वाटतं. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, श्रद्धेने ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली. तिथे बरा होऊन गेलेला रुग्ण तोच आजार घेऊन परत यायचा. दवाखाना कितीही चांगला चालवला, तरी आजार गावात तयार होतो आणि तिथेच राहतो, हे त्यांना कळून चुकलं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० साली ते जामखेडला आले. तालुका दुष्काळी. हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत दगावत.

ही मुलं कशाने जात होती? हगवणीने, कुपोषणाने, धनुर्वाताने. हगवण लागली की पोराला पाणी तोडायचं, ही समजूत. बाळंतपणात नाळ कापायला हाताला येईल ते हत्यार. यातल्या फारच थोड्या गोष्टींना सर्जन लागतो. उकळून गार केलेल्या पाण्यात मोजून मीठ-साखर, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, आईला वेळेवर लस. पण हे त्या घरात जाऊन सांगायचं कुणी? आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या. परक्या मुलीचं गावात कुणी ऐकेना. तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, परत जाऊन घरोघर फिरत. नव्वदच्या दशकापर्यंत बालमृत्यूचा तो आकडा तिशीच्या खाली आला होता.

माझ्या मते या सगळ्यात अवघड काम आरोळे दांपत्याच्या वाट्याचं होतं. डॉक्टरकीचं वजन विद्येपेक्षा ती आपल्याकडेच असण्यात असतं. सही न करता येणाऱ्या बाईच्या हातात ती विद्या देणं म्हणजे आपल्या खुर्चीचा पाय आपणच कापणं. वेल्लोरची पदवी आणि अमेरिकेतलं शिक्षण गाठीला असताना ते त्यांनी केलं. मीठ-साखरेच्या पाण्याने मूल वाचतं यात अलौकिक काही नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे तो आपण होऊन खाली ठेवतो, हे मात्र मला सहजी उलगडत नाही. त्याला मी चमत्कार म्हणेन, आणि न बिचकता म्हणेन.

जातीची भिंत तर प्रवचनाने हललीच नसती. शिकायला आलेल्या सगळ्या जातींच्या बायका रात्री एकाच भल्यामोठ्या गोधडीखाली झोपत. हातपंप दलित वस्तीत बसवले. तहान लागली की सवर्णांची पावलंही तिकडे वळणारच. पुरुषांना एकत्र आणायला तर चक्क व्हॉलीबॉल! चेंडू कुणाच्या हातचा आहे हे बघत बसलं तर गुण जातो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळू नये: ख्रिस्ती सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या अनाथ मुली-विधवांना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाईंनाही हा संशय जन्मभर पुरला. संशयाला इतिहासात काहीच आधार नाही असं मी म्हणणार नाही. धान्य आणि धर्म एकाच मापाने मोजणारे मिशनरीही होऊन गेले. पण शुभवर्तमानातलं माप निराळं आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका. येशूने उरलेल्या नऊ जणांची चौकशी जरूर केली. त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. जी सेवा त्या नऊ जणांचा हिशेब मागते, तिला ख्रिस्ताचं नाव लावायचा अधिकार नाही, असं मी ख्रिस्ती वाचकांनाच सांगेन.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, देशोदेशीचे लोक जामखेडचं काम पाहायला आले. पुढे २००५ नंतर सरकारनेही गावातलीच बाई आरोग्यासाठी निवडली, तिला ‘आशा’ म्हटलं आणि कागदोपत्री स्वयंसेविका ठरवलं. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. कोविडच्या साथीत घरोघर फिरली ती हीच. २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, तेव्हा सेवा करणाऱ्यांनी पैशाचं बोलू नये, असा सूर काही शहाण्यांनी लावला. तिच्या कामाला चमत्कार म्हणून हात जोडले की पगाराचा विषय निघत नाही, ही आपली जुनी सोय आहे. त्या चौघांना बाज खाली ठेवून मजुरी मागावी लागली असती, तर आपण कोणाच्या बाजूने उभे राहिलो असतो, हे चर्चमध्येही एकदा विचारायला हवं.